मराठवाड्यातून स्पीतीला जायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

स्पीतीबद्दल आपल्याकडचे लोक आजकाल लय विचारायलेत आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. मी परभणीची. तिकडं जाऊन आलेली आहे आणि आता ओळखीच्यांचे, त्यांच्या ओळखीच्यांचे प्लॅन बसवून देते. नेटवर माहिती ढीगभर आहे पण ती बहुतेक दिल्ली-चंदीगडच्या लोकांच्या हिशोबानं लिहिलेली, ते शुक्रवारी रात्री निघाले की शनिवारी डोंगरात असतात. आपल्याला नांदेडहून निघून डोंगर दिसायलाच तिसरा दिवस उजाडतो, आणि आपली गावं समुद्रसपाटीपासून साडेतीनशे ते सहाशे मीटरवर. म्हणून आपलं गणित वेगळं मांडावं लागतं.

स्पीती नेमकं कुठंय? लडाखमध्येच येतं ना?

नाही. हिमाचल प्रदेशात, लाहौल-स्पीती जिल्ह्यात. एका बाजूला किन्नौर, दुसऱ्या बाजूला कुंझुम खिंडीपलीकडं लाहौल, वर लडाख आणि पूर्वेला तिबेटची हद्द. मुख्य गाव काझा, उंची साधारण ३,७०० मीटर. पाऊस पुढच्या डोंगरांनी अडवलेला असतो म्हणून हा सगळा भाग थंड वाळवंट आहे, झाड दिसलं तर ते नदीकाठच्या गावातच. मातीचे उघडे डोंगर, खाली स्पीती नदी, मधी एखादं हिरवं वाटाण्याचं शेत. ज्यांना देवदार, धबधबे, मॉल रोड पाहिजे त्यांनी मनालीतच थांबावं, खरंच सांगते, इतक्या लांब जाऊन हिरमोड करून घेऊ नये.

किती दिवस काढावे लागतील?

घरातून निघून घरी परत, रेल्वेनं गेलात तर चौदा-पंधरा दिवस. विमानानं दिल्ली गाठली तर अकरा-बारा. एवढी सुट्टी नाही म्हणणारे लगेच विचारतात की आठ दिवसांत बसवा. बसतं की, कागदावर सगळंच बसतंय. पण मंग रोज दहा-दहा तास गाडीत, डोकं दुखतंय, जेवण जात नाही, आणि ‘की’ नावाच्या गोम्पासमोर, म्हणजे बौद्ध मठासमोर, फोटो काढून परत गाडीत. माझं मत पक्कं आहे, दिवस वाढवता येत नसतील तर ठिकाणं कमी करा. आठच दिवस असतील तर किन्नौर करा, सांगला, कल्पा, फार तर नाकोपर्यंत जाऊन या. तेही लय सुंदर आहे. स्पीती पुढच्या वर्षी.

शिमल्याकडून जायचं का मनालीकडून?

जाताना शिमला, येताना मनाली. यात मी कुणासाठी बदल करत नाही, आणि कारण हवेचं आहे.

मनाली ते काझा अंतर साधारण २०० किलोमीटर आहे, शिमला ते काझा ४२० च्या आसपास. नकाशा बघून सगळ्यांना वाटतं मनालीच बरी. पण मनाली आहे २,०५० मीटरवर, तिथून सकाळी निघालात की त्याच दिवशी ४,५०० मीटरच्या वरची कुंझुम खिंड ओलांडून रात्री ३,७०० वर झोपायचं. परभणी-लातूरच्या माणसाचं शरीर याला तयार नसतं. शिमल्याकडचा रस्ता सतलज नदीच्या काठानं हळूहळू चढतो. नारकंडा २,७०० मीटर, कल्पा २,९०० च्या वर, ताबो ३,२८०, मंग काझा. रोज थोडं थोडं वर, शरीराला सवय होत जाते आणि काझाला पोचेस्तोवर तुम्ही माणसात असता.

मी सहसा असं बसवते: पहिला मुक्काम नारकंडा, मंग कल्पात दोन रात्री, मंग ताबो, वाटेत धनकर बघून काझा तीन रात्री, नंतर कुंझुम ओलांडून चंद्रताल तलावाजवळ एक रात्र आणि मनाली. मनालीत एक दिवस मोकळा ठेवायचा. तो फिरायला नाही, रस्ता बंद पडला तर कामी यायला.

कोणत्या महिन्यात जावं? मे महिन्यात लेकरांना सुट्टी असते…

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. मे महिन्यात कुंझुम खिंड बर्फानं बंद असते, मनाली-काझा रस्ता साधारण जून ते ऑक्टोबर एवढाच चालू असतो, तोही त्या वर्षीच्या बर्फावर. त्यामुळं मे मधी जायचं तर शिमल्याकडूनच जायचं आणि शिमल्याकडूनच यायचं, चंद्रताल सोडून द्यायचा. आपल्याकडं त्रेचाळीस डिग्री असताना तिथं रात्री पाणी गोठतंय, लेकरांना मजा वाटते पण आजारी पण पडतात.

जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैची सुरुवात चांगली, पण तेव्हा आपल्याकडं पेरण्या आणि शाळा सुरू. जुलै-ऑगस्टमधी स्पीतीत पाऊस कमीच असतो हे खरंय, पण स्पीतीला पोचवणारे रस्ते किन्नौर आणि कुल्लूमधून जातात आणि तिथं दरडी कोसळतात. ऑगस्ट २०२१ मधी किन्नौरात निगुलसरीजवळ चालत्या रस्त्यावर दरड आली, बस आणि गाड्या गाडल्या गेल्या, २८ माणसं गेली. त्यामुळं भर पावसाळ्यात मी कुणाला जा म्हणत नाही.

सप्टेंबर सगळ्यात भारी. आकाश स्वच्छ, रस्ते त्यातल्या त्यात बरे, वाटाण्याची काढणी झालेली. शेतीवाल्यांना पण जमतं, पोळा झाला, महालक्ष्म्या उठल्या की निघायचं आणि सोयाबीन काढणीला हात लागायच्या आत परत. ऑक्टोबर पहिल्या आठवड्यानंतर थंडी झपाट्यानं वाढते आणि कुंझुमचा भरोसा राहत नाही.

नांदेड, परभणी, लातूर, बीडहून पोचायचं कसं?

आपल्यासाठी सचखंड एक्सप्रेस आहे ना. नांदेडहून सुटते, परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड करत दिल्लीमार्गे अमृतसरला जाते आणि वाटेत अंबाला कॅन्टला थांबते. रोज आहे. अंबालाला दुसऱ्या दिवशी दुपारनंतर उतरायचं, तिथून चंदीगड पन्नास किलोमीटरच्या आत. दिल्लीत उतरून बस शोधायची कटकटच नाही. लातूर-धाराशिववाल्यांनी परभणी गाठावी, बीडवाल्यांना जालना किंवा संभाजीनगर सोपं.

तिकिटं ६० दिवस आधी उघडतात आणि उन्हाळ्यात-दिवाळीत पटकन संपतात, तारीख पक्की झाली की पहिलं काम तेच. आणि एक, या गाडीत शीख भाविक वाटेतल्या स्टेशनांवर लंगर देतात, कढी-भात, भाजी, कधी खिचडी, सगळ्यांना फुकट. त्यासाठी लोक घरूनच ताट-डबा घेऊन बसतात. स्टेशन आलं की सगळा डबा, म्हणजे रिझर्वेशनवाले आणि उभे असलेले, एकाच दारात ताटं धरून उभा. तुम्ही पण एक स्टीलचा डबा आणि पेला घ्याच, पुढं डोंगरातही तोच कामी येतो.

चंदीगडहून पुढं सेक्टर ४३ च्या बसस्टँडवरून हिमाचलच्या सरकारी बस मिळतात, शिमला किंवा थेट रेकाँग पिओ, म्हणजे किन्नौरचं मुख्य गाव. पिओहून काझाला सकाळी लवकर बस निघते, तिचं तिकीट आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन विचारून ठेवा. पाच-सहा जण असाल तर चंदीगड किंवा शिमल्याहून हिमाचलची टॅक्सी नंबरची गाडी पूर्ण ट्रिपला ठरवा. ड्रायव्हर किन्नौर किंवा स्पीतीकडचा मिळाला तर दोनशे-चारशे रुपये जास्त गेले तरी घ्या, त्याला कोणता नाला किती वाजता फुगतो ते माहीत असतं.

स्वतःची गाडी घेऊन गेलो तर? बुलेटवर?

जाता येतं, पण संभाजीनगरहून कन्नड घाट, धुळे, इंदूर, आग्रा, दिल्ली करत चंदीगडच दीड हजार किलोमीटरच्या वर होतं. तिथं पोचेस्तोवर तीन दिवस ड्रायव्हिंग करून माणूस थकलेला आणि खरा अवघड रस्ता अजून सुरूच व्हायचाय. दोन चांगले ड्रायव्हर असतील तरच.

गाडी जमिनीपासून उंच पाहिजे. शिमला ते काझा छोटी गाडी पण जाते. काझा ते कुंझुमच्या अलीकडचं लोसर गाव, तेही ठीक. पण कुंझुम उतरल्यावर बातल ते छत्रू, ग्रांफू हा पट्टा म्हणजे दगडगोटे आणि रस्त्यावरून वाहणारे नाले. इथली एक गोष्ट नीट समजून घ्या. नाल्यात पाणी येतं ते वरचं बर्फ वितळून, म्हणजे ऊन जसं चढतं तसं पाणी वाढतं. सकाळी सातला घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी तीनला गुडघ्याच्या वर जातं आणि खालचे दगड पण सरकतात. म्हणून चंद्रतालहून निघायचं ते उजाडता उजाडता. निवांत नाश्ता करून निघू म्हणणाऱ्यांच्या गाड्याच नाल्यात अडकलेल्या दिसतात.

पेट्रोलचं: पिओजवळ पोवारीला टाकी फुल करा, पुढचा पंप थेट काझात, तिथं परत फुल करा कारण काझा ते मनाली मधी पंप नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हा तिथला नियम आहे. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही.

बुलेटवाल्या पोरांना एकच सांगणं, भाड्यानं घ्यायची तर ब्रेक, क्लच वायर आणि टायर दिवसाउजेडी बघून घ्या आणि हेल्मेट घरून स्वतःचं न्या.

विरळ हवेचा खरंच त्रास होतो का? का उगं घाबरवतात?

होतो. तरणाताठा, रोज जिमला जाणारा पोरगा पण आडवा पडतो आणि सोबतची पन्नाशीची बाई ठणठणीत असते, याचा आणि ताकदीचा संबंध नाही. काझाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षा थोडा कमीच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला ऑक्सिजन तेवढा कमी. तुम्हाला ते आधी दिसतं खाण्याच्या पिशवीत, घरून नेलेली चिवड्याची सीलबंद पाकिटं फुग्यासारखी टम्म फुगतात. पाणी पण ८७-८८ डिग्रीलाच उकळायला लागतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही.

पहिल्या पातळीचा त्रास म्हणजे डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं. असं झालं तर त्या दिवशी अजून वर चढायचं नाही, बस्स. आराम, पाणी, हलकं जेवण, एक-दोन दिवसात बहुतेकांचं उतरतं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, झोपायला खाली. म्हणूनच लांग्झा, हिक्कीम, कोमिक ही ४,४०० च्या आसपासची गावं काझातून दिवसा करायची, पहिल्याच रात्री तिथं होमस्टे घ्यायचा नाही, फोटो कितीही भारी दिसू द्या.

आता धोक्याची लक्षणं, ही पाठच करा. बसल्या जागी धाप लागणं, खोकला आणि फेस, ओठ-नखं निळसर होणं, हे फुप्फुसात पाणी व्हायलंय. बोलण्यात गोंधळ, चालताना झोक जाणं, हे मेंदूवर सूज यायली. सरळ रेषेत, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून चालायला सांगा, जमलं नाही तर अजून काही तपासत बसू नका. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही, ताबडतोब खाली उतरवायचं आणि ऑक्सिजन द्यायचा. काझात सरकारी दवाखाना आहे, आधी तिथं न्या.

आणि खाली म्हणजे कुठल्या बाजूला हे नीट लक्षात ठेवा. काझाहून खाली उतरायचं तर ताबो-किन्नौरच्या बाजूला. मनाली जवळ आहे म्हणून पेशंटला कुंझुमवरून न्यायला निघाले तर आणखी आठशे मीटर वर चढवता तुम्ही त्याला. चंद्रतालला त्रास झाला तर मात्र उलटं, तिथून बातल-छत्रू करत मनालीकडं उतरायचं, कारण तलाव काझाहून खिंडीच्या पलीकडं, मनालीच्याच बाजूला आहे.

विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यावी का?

आपल्या डॉक्टरला विचारून. ती चढायच्या आदल्या दिवसापासून घेतात, लघवीला जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, हे सगळं ठीक आहे. पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरला आधी सांगा, आणि गोळी घेतली म्हणून घाईनं चढायची सूट मिळत नाही. दारू आणि झोपेची गोळी, दोन्ही मनालीला उतरेपर्यंत बंद. कुणीतरी कापूर हुंगा म्हणतं, लसूण चघळा म्हणतं, करायचं तर करा पण लक्षणं वाढत असताना त्यावर विसंबू नका.

आई-बाबांना नेलं तर चालेल? आणि लेकरं?

बीपी-शुगर आटोक्यात असेल, जिना चढताना छातीत दुखत नसेल तर डॉक्टरला उंचीचा आकडा सांगून विचारा, नुसतं “हिमाचलला चाललो” म्हणलं तर डॉक्टर शिमला समजतो. ३,७०० मीटरवर तीन रात्री, असं सांगा. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, दम्याचा जास्त त्रास, गरोदरपण असेल तर नकोच. सिकलसेल असेल, नुसते वाहक असाल तरी डॉक्टरला सांगा, विरळ हवेत त्याचा धोका वाढतो. आपल्याकडं किनवट-माहूर भागात बऱ्याच जणांच्या तपासण्या झालेल्या असतात, रिपोर्ट असेल तर तो काढून बघा.

लेकरांचं असं की ज्याला “डोकं दुखायलंय” हे नीट सांगता येतं त्या वयाचं लेकरू न्यावं. लहान बाळ उगंच रडायलंय का त्याला त्रास व्हायलाय हे कळत नाही. आई-बाबांना फार इच्छा असेल तर त्यांना कल्पापर्यंत नेऊन आणा, खोलीच्या खिडकीतून किन्नर कैलास दिसतो, सकाळी चहा पीत तासभर बसले तरी त्यांचं पोट भरतं.

आपल्याकडं डोंगर नाहीत, तयारी कशी करू?

कोण म्हणतं नाहीत? संभाजीनगरवाल्यांना देवगिरी आहे, कन्नडला अंतूर, गौताळ्याच्या वाटा, नांदेडला माहूरगड. दोन महिने आधीपासून रोज पाऊण तास भरभर चालायचं आणि रविवारी देवगिरी बारादरीपर्यंत, पाठीवर तीच सॅक घेऊन जी नेणार आहात. याने उंचीची सवय होत नाही, ती तिथंच होते, पण पाय आणि दम तयार होतो. बूट पण याच काळात वापरून मऊ करा. नवे बूट बॉक्समधून काढून थेट स्पीतीला नेऊ नका.

कपडे काय न्यावेत?

आपल्या जानेवारीतला स्वेटर तिथं कामाचा नाही. आत थर्मल, मंग फ्लीस किंवा लोकरी, वरून वारा अडवणारं जाकीट. कानटोपी, हातमोजे, लोकरीचे मोजे दोन-तीन जोड. दुपारी ऊन असं लागतं की टी-शर्टवर फिरावं वाटतं आणि सावलीत गेलं की हुडहुडी. उन्हाचं आपल्याला काय नवीन असं समजू नका, तिथली हवा पातळ, नाक-गाल दोन दिवसात सोलतात. सनस्क्रीन, ओठाला लावायचं मलम, काळा गॉगल, आणि आपला नेहमीचा तोंडाला गुंडाळायचा स्कार्फ किंवा रुमाल, धूळ भयंकर असते.

खाण्याचं काय? शाकाहारी मिळतं का?

मिळतं. राजमा-चावल, डाळ-भात, पराठे, मॅगी सगळीकडं. होमस्टेत थुक्पा म्हणजे नूडल्सचं गरम सूप, मोमो, तिंगमो म्हणजे वाफवलेला मऊ पाव, हे आवर्जून खा. खारा लोणी-चहा पहिल्या घोटाला विचित्र वाटतो, दुसरा पेला आपणहून मागाल. आपल्याकडचं न्यायचं तर शेंगदाण्याची चटणी, दशम्या, धपाटे रेल्वेपुरते, पुढं चिवडा-लाडू. उंचीवर भूक मरते तेव्हा ओळखीची चव कामाला येते, शेंगदाण्याची चटणी आणि तिथला गरम भात यावर मी माणसं सावरलेली बघितलीत.

पाण्याची अडचण आहे का?

आहे, आणि हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. वरच्या गावांना पाणी मिळतं ते हिमनद्या आणि बर्फ वितळून, लोक लांबून पाट काढून ते शेतात आणतात, त्याला तिकडं कूल म्हणतात. वाटाणा, जव, बटाटा, सगळं त्यावर. थंडीत बर्फ कमी पडलं की उन्हाळ्यात गावच्या गावं पाण्यावाचून बसतात. आपण टँकरच्या मागं घागरी घेऊन पळालेली माणसं, तिथं जाऊन गरम पाण्याची बादली दोनदा मागू नये एवढीच विनंती. जुन्या घरांत संडास पण कोरडा असतो, वर माती टाकायची, त्याचंच खत होऊन शेतात जातं. त्यात पाणी ओतू नका.

बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका, प्लास्टिक खाली कुणी आणत नाही. स्टीलची बाटली न्या, होमस्टेत उकळलेलं पाणी भरून देतात. दिवसाला तीन-चार लिटर जाऊ द्या.

काय काय बघायचं? यादी द्या.

यादी सगळीकडं आहे, की गोम्पा, किब्बर, चिचमचा पूल, लांग्झाची बुद्धमूर्ती, हिक्कीमचं पोस्ट ऑफिस, पिन खोरं. हिक्कीमहून घरी पोस्टकार्ड टाका, पत्ता आणि पिनकोड नीट लिहा, उशिरा का होईना येतं. लांग्झाला जमिनीत समुद्री जीवांचे जीवाश्म सापडतात, हिमालय वर यायच्या आधी तिथं टेथिस समुद्र होता त्याचे. पोरं विकायला आणतात. घेऊ नका, उचलू पण नका.

मला जास्त बोलायचंय ते ताबोबद्दल. बहुतेक लोक ताबोला जेवायला थांबतात, वीस मिनिटं गोम्पा बघून काझाला पळतात. आपण अजंठ्याची माणसं, आपण तरी असं करू नये. ताबोची स्थापना इ.स. ९९६ ची, आणि त्याला हिमालयातलं अजंठा म्हणतातच. बाहेरून बघाल तर मातीच्या बुटक्या भिंती, काहीच नाही असं वाटतं. आत मुख्य सभागृहात गेलात की आधी काही दिसत नाही, वरच्या झरोक्यातून थोडा उजेड येतो तेवढाच. डोळे सरावले की भिंतीतून बाहेर आलेल्या, माणसाएवढ्या नसल्या तरी जवळजवळ तशा, मातीच्या रंगवलेल्या मूर्ती चारी बाजूंनी बसलेल्या दिसतात आणि त्यांच्या खाली-वर भिंतभर चित्रं. अजंठ्यात डोंगर कोरून गुहा केली, इथं नुसत्या मातीवर हजार वर्षं चित्रं टिकली, कारण पाऊसच नाही. १९७५ च्या किन्नौरच्या भूकंपात बरंच नुकसान झालं तरी हे उभं राहिलं. आत फोटो काढायला मनाई आहे, ते बरंच आहे, माणूस बघतो तरी. छोटी टॉर्च न्या पण भिंतीवर एकाच जागी धरून ठेवू नका. ताबोत रात्र काढा आणि सकाळी पुन्हा एकदा आत जा. गावावरच्या कड्यात गुहा आहेत, तिथपर्यंत चढून पण या.

चंद्रतालला तलावाच्या काठावर तंबू लावता येतो का?

नाही, मनाई आहे. तो रामसर यादीतला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतला, संरक्षित तलाव आहे. कॅम्प दोन-तीन किलोमीटर अलीकडं असतात, शेवटचा टप्पा पायी. उंची ४,२५० च्या आसपास, म्हणून काझात तीन रात्री झाल्यावरच इथं झोपा. मनालीहून थेट येऊन पहिली रात्र इथं काढणारे आजारी पडतात, रात्री नेटवर्क नाही, दवाखाना नाही.

हवामानाचा इशारा असेल तर चंद्रताल सोडून द्या. जुलै २०२३ मधी अचानक पाऊस-बर्फ होऊन जवळपास तीनशे लोक इथं काही दिवस अडकले होते, रस्ता साफ करून त्यांना काढावं लागलं.

परमिट लागतं का?

भारतीयांना इनर लाईन परमिट, म्हणजे सरहद्दीच्या भागात जायचा परवाना, लागत नाही, परदेशी पाहुणा सोबत असेल तर त्याला लागतं. आधार आणि गाडीचे कागद जवळ ठेवा, किन्नौर-स्पीतीच्या हद्दीवरच्या सुमदोला आणि इतर नाक्यांवर नोंद होते. मनालीजवळच्या अटल बोगद्यातून जाणार असाल तर रोहतांग खिंडीचं परमिट काढायची गरज नाही.

फोन, एटीएम?

प्रीपेड सिम चालतं, लडाखसारखी भानगड नाही. काझात रेंज मिळते, बीएसएनएलचं एक सिम ग्रुपमधी असू द्या. पिन खोरं, लोसरच्या पुढं, बातल, चंद्रताल इथं रेंजचा भरोसा नाही. घरी आधीच सांगून ठेवा की अमुक तारखेपासून दोन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर इकडं आई देव पाण्यात घालून बसते. काझाच्या एटीएमवर भरोसा नको, रोख पैसे चंदीगडहूनच काढून दोघा-तिघांत वाटून ठेवा.

एकट्या बाईनं जावं का?

जावं. स्पीती त्या बाबतीत खूप चांगलं आहे, होमस्टेत घरच्यासारखं ठेवतात. फक्त उंचीचा त्रास एकटीला झाला तर बघणारं कुणी नसतं, म्हणून होमस्टेतल्या ताईला आल्या आल्या सांगून ठेवा की मी पहिल्यांदा आलेय, सकाळी उठले नाही तर दार वाजवा. सरकारी बसनं फिरा, सोबत मिळत जाते.

किती खर्च येतो?

सगळ्यात मोठा खर्च गाडीचा. पाच-सहा जणांत वाटला तर एकदम हलका होतो, दोघंच असाल तर बस आणि काझातून एखाद-दोन दिवस टॅक्सी असं करा. राहणं-खाणं होमस्टेत फार महाग नाही. जे वाचवायचं ते हॉटेलात वाचवा, गाडी, बूट आणि जास्तीच्या दिवसांवर वाचवू नका.

टूरवाल्यासोबत गेलो तर काय विचारून घ्यायचं?

आधी रात्रीच्या मुक्कामांची नावं क्रमानं मागा. मनालीतून सुरू करून पहिल्याच रात्री चंद्रताल किंवा काझा असेल तर नको म्हणा, कितीही स्वस्त असू द्या. मंग विचारा की गाडीत ऑक्सिजन सिलिंडर आहे का, आणि तो भरलेला आहे का हे निघताना उघडून दाखवणार का. कुणी आजारी पडलं तर त्या माणसाला खाली न्यायला वेगळी गाडी देणार का सगळा ग्रुप थांबणार? रस्ता बंद पडला तर जास्तीच्या मुक्कामाचे पैसे कुणाचे? गाडीला टॅक्सी परवाना आहे का? हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, फोनवर बोललेलं धरू नका. आणि जो टूरवाला “काही होत नाही ओ, दरवर्षी नेतो” एवढंच म्हणून प्रश्न टाळतो त्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.